सक्युलंटला मराठीत काय म्हणायचं, रसाळ की मांसल?

परवा घोडबंदर रोडच्या एका नर्सरीतून दोन कुंड्या आणल्या, एक फर्न आणि एक ते जाड पानांचं सक्युलंट, नर्सरीवाला म्हणाला दोघांना रोज पाणी घाला, घातलं, तर सक्युलंट आठ दिवसांत बुडातून सडून लिबलिबीत झालं. ते असो. लेकीने विचारलं बाबा याला मराठीत काय म्हणतात आणि मी अडकलो. फर्न म्हणजे नेचा हे माहितीये. सक्युलंटला कोणी रसाळ म्हणतं, पण रसाळ म्हटलं की मला हापूसच आठवतो.

— रसाळ नकोच, रसाळ फणस असतो नाहीतर कीर्तनकाराची वाणी. पुस्तकी शब्द मांसल. पण दादा, खरी गोम वेगळीच आहे, नेचा हा वंश झाला आणि सक्युलंट हे नुसतं अंगाचं वर्णन. नेच्याला फूल नाही, बी नाही, पानाच्या पाठीवर बीजाणूंचे तपकिरी ठिपके, की झाला नेचा. कोरफड, पानफुटी, निवडुंग, शेर मात्र भलत्याच कुळांतले, पाणी साठवतात म्हणून एका पंक्तीला बसवलेत. पायरोसिया नावाच्या काही नेच्यांची पानं तर चक्क मांसल असतात, म्हणजे तोच नेचा आणि तोच सक्युलंट.

आणि नेचा म्हणजे कायम ओल-सावली असंही नाही हां. येऊरच्या जंगलात झाडांवर बाशिंग नावाचा नेचा बघा, त्याची बुडाशी चिकटलेली पानं तपकिरी होऊन तशीच राहतात, त्यात पालापाचोळा साचून खत होतं, वरची हिरवी पानं उन्हाळ्यात गळून जातात. काय चपखल नाव आहे, बाशिंग!

— यातलं दुर्मीळ कुठलं? नर्सरीवाले सगळंच रेअर म्हणून विकतात.

— सायटीस नावाचा, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणारा करार आहे, त्यात जवळजवळ सगळे कॅक्टस आहेत, कोरफडीचे भाऊबंदही आहेत, फक्त आपली घरची कोरफड वगळलीये. नेच्यांपैकी सायथिया, झाडाएवढे उंच वाढतात ते, तेही त्यात आहेत. पण आपल्याकडचं खरं दुर्मीळ सक्युलंट म्हणजे शिंदळ माकुडी (शिंदळचा अर्थ लेकीला सांगू नका), सह्याद्रीच्या कड्यांवरच उगवते, शिवनेरीवर आहे. शास्त्रीय नावात मुंबईचा गव्हर्नर फ्रियर बसलाय.

— धन्यवाद मंडळी. लेकीने कुंडीवर खडूने 'मांसल' लिहिलं तर आई म्हणाली हे काय मटणाचं दुकान आहे का, पुसून टाक. आता 'जाडपानी' लिहिलंय.