मोजो जोजोला नुसता खलनायक म्हणावे का?

प्रश्न (कोथरूड, पुणे):
आमच्या सोसायटीतील मुलांना उन्हाळी सुट्टीत ‘द पॉवरपफ गर्ल्स’ या तीन महाशक्तिशाली बहिणींच्या कार्टून मालिकेचे निवडक भाग दाखवून त्यांवर गप्पा घडवाव्यात, असा विचार आहे. ब्लॉसमचे नेतृत्व, बबल्सचा हळवेपणा आणि बटरकपचा तापटपणा मुलांना सहज उमगेल. परंतु त्यांचा शत्रू मोजो जोजो याच्याविषयी काय बोलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (सदाशिव पेठ):
मोजो हा मुळात या मुलींना घडवणाऱ्या प्राध्यापक युटोनियम यांच्याच प्रयोगशाळेतील जोजो नावाचा चिंपांझी. त्याने दिलेल्या धक्क्यामुळेच साखर-मसाल्याच्या मिश्रणात केमिकल एक्स हे रसायन सांडले, तिघी जन्मल्या आणि त्याच स्फोटात त्याचा मेंदूही वाढला. म्हणजे जो त्यांच्या जन्माला कारण झाला, त्याचेच घरातले स्थान त्यांच्या येण्याने गेले. हे ध्यानात घेतल्यावर एकच गोष्ट चार प्रकारे सांगणारे त्याचे लांबलचक बोलणे मला विनोदी तर वाटतेच, पण फार एकाकीही वाटते. मुलांशी या एकाकीपणाविषयी अवश्य बोला.

उत्तर (औंध):
सहमत आहे. क्रेग मॅक्रॅकन यांची ही मालिका १९९८ मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. टाउन्सव्हिल शहर वाचवणाऱ्या या मुलींनाही बालवाडीत जावे लागते, प्राध्यापकांचे ऐकावे लागते आणि आपसांतली भांडणे मिटवावी लागतात, ही मला तिची सर्वांत मोलाची बाजू वाटते. ‘हिम’ या दुसऱ्या खलपात्राचे भाग मात्र अगदी लहान मुलांना दाखवू नयेत. त्याचा आवाज खरोखर भीतिदायक आहे.