महिलांच्या सामन्याच्या वृत्तात ‘रणरागिणी’ लिहावे का?

प्रश्न
मी तालुक्यातून एका दैनिकाला क्रीडावृत्ते पाठवते. मुलींच्या खो-खो स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे वृत्त मी प्रत्येकीच्या संरक्षणाची वेळ आणि बाद केलेले गडी यांसह पाठवले होते. छापून आले ते ‘रणरागिणींनी मैदान मारले’ या मथळ्याखाली. पावणेतीन मिनिटे संरक्षण करणाऱ्या मुलीची वेळ गळाली होती आणि तिच्या नावामागे ‘घरकाम सांभाळून सराव करणारी’ असे, मी न लिहिलेले, विशेषण लागले होते. शेजारच्याच स्तंभात मुलांच्या वेळा मात्र कंसात जशाच्या तशा होत्या. अशा गौरवाला हरकत घेणे अतिरेकाचे ठरेल का?

माजी खो-खोपटू
ताई, हरकत अवश्य घ्या. ‘२.४० मिनिटे व ३ गडी’ हा कंस आम्ही कात्रणांत जपून ठेवायचो, कारण त्यात मुलगा की मुलगी हा प्रश्नच उरत नसे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. हा ३८ गुणांचा फरक कसा पडला, हे आक्रमण आणि संरक्षण यांच्या तपशिलातूनच वाचकाला समजते. ‘वाघिणी’ म्हटल्याने त्यातले काहीच समजत नाही.

निवृत्त उपसंपादक
माझे मत थोडे वेगळे आहे. ‘शिलेदार’, ‘मावळे’ असे अलंकार पुरुषांच्या मथळ्यांतही असतात, आणि धावपटू कविता राऊत यांना ‘सावरपाडा एक्सप्रेस’ किंवा ललिता बाबर यांना ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणण्यात मला काही वावगे वाटत नाही, कारण त्या नावांत त्यांचा वेग आणि त्यांची माती दोन्ही आहेत. मात्र त्या नावापाशीच वृत्त थांबले, तर ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली, ही मूळ बातमीच हरवते. २०१७ च्या विश्वचषकापूर्वी मिताली राज यांना ‘तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण?’ असे विचारले गेले, तेव्हा ‘हा प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का?’ असा प्रतिप्रश्न त्यांनी केला होता. खरा दोष तिथे आहे: खेळाडू समोर असताना तिच्या खेळाविषयी विचारायचेच सुचत नाही.
एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. रात्री उशिरा जाहिरात आली की वृत्त खालून कापले जाते, म्हणून आकडे पहिल्याच परिच्छेदात लिहीत जा.

भाषेचा अभ्यासक
मेरिलबोन क्रिकेट क्लबला इंग्रजी नियमांतला ‘बॅट्समन’ २०२१ मध्ये बदलून ‘बॅटर’ करावा लागला. आपला ‘फलंदाज’ आधीपासूनच दोघांचा आहे. तो नुसता लिहिला तरी पुरते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या वृत्ताच्या पहिल्याच वाक्यात वेळ लिहीन, आणि त्या मुलीची राहिलेली पावणेतीन मिनिटे छापावीत, असे पत्र आजच क्रीडा विभागाला पाठवते.