एमसीआर शिफ्ट सुपरवायझरची ऑफर आली आहे, घ्यावी का? जाणकारांनी मदत करा

तिसरीपाळी:

नमस्कार मंडळी,

एका मराठी मनोरंजन वाहिनीच्या एमसीआरमध्ये, म्हणजे मास्टर कंट्रोल रूममध्ये, मी सात-आठ वर्षं ऑपरेटर आहे. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, माहेर सोलापूर, सध्या मुक्काम बदलापूर. वाहिनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. गेल्या आठवड्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि शिफ्ट सुपरवायझर होशील का म्हणून विचारलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरी टीव्हीवर मालिका, ब्रेक, प्रोमो, परत मालिका असं जे सलग दिसतं, ते आमच्या खोलीतून सुटतं. प्रोग्रामिंगकडून एफपीसी, म्हणजे कार्यक्रमांचं वेळापत्रक येतं, ट्रॅफिककडून जाहिरातींचं शेड्यूल येतं, दोन्ही मिळून दिवसाची प्लेलिस्ट बनते. मेन आणि बॅकअप असे दोन सर्व्हर तीच प्लेलिस्ट बरोबरीने चालवत असतात. मेनने दगा दिला की बॅकअपवर चेंजओव्हर. कुठला स्पॉट, म्हणजे जाहिरात, नेमका किती वाजता गेला याचा ॲज-रन लॉग निघतो, त्यावरून जाहिरातदाराला टेलिकास्ट सर्टिफिकेट जातं आणि मग बिल. स्पॉट सुटला तर तो नंतर फुकट दाखवून भरून द्यावा लागतो आणि सकाळी सेल्सवाले डोक्यावर येऊन बसतात.

आता माझे प्रश्न.

पगार वाढतोय, पण सुपरवायझरला ओव्हरटाइम नाही. सणासुदीला मी जो ओव्हरटाइम करते तो धरला, तर हातात पडणारा फरक नगण्य आहे.

दुसरं म्हणजे आमचा प्लेआउट, म्हणजे प्लेलिस्ट चालवण्याचं हे काम, नोएडाच्या हबला (अनेक वाहिन्या एकाच ठिकाणाहून चालवणाऱ्या केंद्राला) हलवणार अशी कुजबुज वर्षभर चालू आहे. साहेब म्हणतात, "तसं काही नाही." पण साहेब हे कॅन्टीन बंद होण्याच्या आदल्या दिवशीही म्हणाले होते. हब झाला तर ऑपरेटर आधी जाणार की सुपरवायझर?

तिसरं, वडिलांचा हट्ट. त्यांचं म्हणणं, या खासगी भानगडी सोड आणि आकाशवाणी-दूरदर्शनला कायमची नोकरी बघ. माझी तिशी उलटली आहे. तिथे आता भरती होते का?

आणि शेवटचं, जे साहेबांना विचारता आलं नाही. माझ्या शिफ्टमधले दोघं माझ्याहून सीनियर आहेत. त्यातल्या एकांनी मला ही प्लेलिस्ट वाचायला शिकवली. त्यांच्या हजेरीवर मी सही कशी करायची?

कृपया या क्षेत्रातल्या लोकांनी लिहा. "मनाचं ऐक" वगैरे सल्ले नकोत, मनाला काही कळत नाहीये म्हणूनच इथे आले.

घाटावरचा:

मी मालिका बघत नाही, पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सुटलेला स्पॉट फुकट भरून देतात हे आजच कळलं.

मध्यमलहर:

ताई, मी आकाशवाणीच्या अभियांत्रिकी विभागातून निवृत्त झालो. तुमच्या वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत लवकर संपणारा आहे.

आमच्याकडे टेक्निशियन, इंजिनीअरिंग असिस्टंट, सीनियर इंजिनीअरिंग असिस्टंट, असिस्टंट इंजिनीअर अशी चढण होती. कार्यक्रमाच्या बाजूला ट्रान्समिशन एक्झिक्युटिव्ह आणि प्रोग्राम एक्झिक्युटिव्ह. २०१३ मध्ये कर्मचारी निवड आयोगामार्फत या पदांची भरती निघाली होती. अलीकडे माझ्या पाहण्यात येतात त्या जाहिराती बहुतेक कंत्राटी, ठरावीक मुदतीच्या. शिवाय दूरदर्शनचे गावोगावचे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले, आकाशवाणीचेही मध्यम लहरींचे कित्येक बंद होत आले, तिथली माणसं दुसरीकडे सामावून घेणं चालू असतं. वडिलांना नमस्कार सांगा आणि म्हणावं, ज्या कायमच्या नोकरीची आठवण तुम्हाला आहे ती आमच्या पिढीबरोबर रिटायर झाली.

आता मुद्द्याचं. आमच्या जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. प्रत्येक सभेला, म्हणजे प्रसारणाच्या सत्राला, ड्यूटी रूममध्ये एक माणूस क्यू शीट (कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद) घेऊन बसायचा आणि प्रसारणाचा अहवाल त्याच्या सहीने जायचा. कंट्रोल रूममध्ये आमचा इंजिनीअर. उदाहरण सांगतो. सकाळी ७.१० ला पुण्याहून प्रादेशिक बातम्या. त्या सहक्षेपित करणाऱ्या केंद्रावर त्याआधीचं भक्तिगीत चालू असतं. गाणं अर्ध्यावर आहे, घड्याळात सात नऊ पन्नास झालेत. फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढायचा की बातम्यांचा पहिला मथळा कापला जाऊ द्यायचा, हे विचारायला फोन करायचा नसतो. ड्यूटीवरचा माणूस ठरवतो, इंजिनीअर ओढतो, आणि गाणं तोडलं असं अहवालात लिहिलं जातं. वरच्यांना ते पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागतात, पण त्या दहा सेकंदांत मध्ये कोणी पडत नाही.

तुम्हाला सुपरवायझर करताहेत, पण निर्णय तुमचा असणार आहे का? चेंजओव्हर करायचा, ब्रेक टाकून द्यायचा, चालू एपिसोड थांबवून फिलर (रिकामी वेळ भरायचा मजकूर) लावायचा, हे तुम्ही स्वतः ठरवायचं की साहेबांना झोपेतून उठवायचं? नुसती सही तुमची आणि निर्णय दुसऱ्याचा असेल तर ते पद घेऊ नका. जबाबदारी तुमच्या गळ्यात आणि दोरी भलत्याच्या हातात, असा प्रकार होईल.

तिसरीपाळी:

काका, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मागे एक महाअंतिम सोहळा लाइव्ह होता आणि तो लांबला. ब्रेक मागे ढकलत गेलो आणि पुढच्या तासात जाहिराती एवढ्या साठल्या की तासाला १२ मिनिटांची मर्यादा गेली असती. तेव्हाचे सुपरवायझर पाच जणांना फोन करत होते आणि एकानेही हो की नाही सांगितलं नाही. शेवटी वाहिनीचे प्रोमो काढून कसंबसं बसवलं.

नोएडाकर:

तिसरीपाळी, मी अशाच एका हबमध्ये आहे. मूळचा अकोल्याचा. कुणाच्या कंपनीबद्दल बोलत नाही, सर्वसाधारण सांगतो.

हब होणार की नाही यावर डोकेफोड करू नका, आज ना उद्या बऱ्याच वाहिन्यांचं होणार आहे. इथे एका शिफ्टमध्ये एका ऑपरेटरसमोर अनेक वाहिन्या असतात. सगळ्या भिंतीकडे डोळे लावून बसणं शक्यच नाही, म्हणून अलार्मवर काम चालतं. चित्र काळं झालं, गोठलं, आवाज गेला की चौकट लाल होते.

पण अलार्मला कळत नाही अशी चूक सांगतो. साडेआठच्या स्लॉटमध्ये आजच्या एपिसोडऐवजी कालचा चढला. चित्र स्वच्छ, आवाज व्यवस्थित, फाइलचं नाव बरोबर, कारण पोस्ट-प्रॉडक्शनवाल्यांनी नव्या नावाने जुनी फाइल पाठवली होती. अलार्म गप्प. शिफ्टवरच्या मुलाला मराठी येत नाही, त्याला नायिका कालचंच भांडण परत भांडतेय हे कसं समजणार? मी पलीकडच्या टेबलावर होतो, कानावर संवाद पडले म्हणून कळलं. पहिल्या ब्रेकच्या आत बदललं. तोवर वाहिनीच्या पानावर प्रेक्षक तुटून पडलेच होते.

तेव्हा ऑपरेटर आधी जाणार, असं मला तरी दिसतंय. प्लेलिस्ट चालवणारे हात हबला मिळतात. मजकूर ओळखणारा, शेड्यूल आणि जाहिरातीची गुंतागुंत माहीत असलेला आणि रात्री अडीचला ठाम बोलणारा माणूस मिळत नाही. सुपरवायझर म्हणून वर्षभर काढलंत तर पुढे हबमध्ये, ओटीटीच्या लाइव्ह ऑपरेशन्समध्ये, क्रीडा प्रसारणात कुठेही बोलायला तोंड राहील. मात्र आयपीवरचं (नेटवर्कवरून जाणारं) प्रसारण, एन्कोडर (सिग्नल दाबून पुढे पाठवणारं यंत्र), क्लाउड प्लेआउट हे आताच शिकून घ्या. एसडीआयच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या व्हिडिओ केबलवर आयुष्य निघेल असं समजणारे आमच्याकडेही होते.

निळीछत्री:

नोएडाकरांना +१. पण त्यांनी एक राहू दिलं. सुपरवायझरचं अर्धं काम शिफ्टमधल्या माणसांना घाबरू न देणं हे असतं. मार्चमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सन आउटेज येतो. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आला की डिशला सिग्नलपेक्षा सूर्याचाच गोंगाट जास्त ऐकू येतो, रोज काही मिनिटं, असे काही दिवस. नवीन पोरगा रिटर्न मॉनिटरवर (उपग्रहावरून परत आलेलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर) चित्र फुटलेलं बघतो आणि त्याचा हात थेट चेंजओव्हरकडे जातो. काहीही बिघडलेलं नसताना!

आमच्या सुपरवायझर बाई एकच सवय लावायच्या. आधी सर्व्हरचं आउटपुट बघ, मग एन्कोडरचं, मग उपग्रहावरून परत आलेलं. तिन्ही गेले तर दुखणं मुळाशी आहे, सर्व्हर बघ. पहिले चांगले आणि दुसऱ्यापासून गेलं तर एन्कोडर. फक्त परत आलेलं गेलं तर हात मांडीखाली ठेव आणि वेळापत्रक बघ. हे त्यांनी भिंतीवर लिहून लावलं नव्हतं, दर वेळी शांतपणे विचारायच्या, "कितवा गेलाय?"

घाटावरचा:

हात मांडीखाली ठेव हे आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या मॅनेजरांना सांगायला हवं.

खडूस_काकू:

अवांतर पुरे. मुली, मी एचआरमध्ये आयुष्य काढलंय, पगाराच्या चिठ्ठीपलीकडचं सांगते.

सुपरवायझर हा शब्द नेमणूकपत्रात आला की कायद्यात तुझी जागा बदलू शकते. औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षकी काम करणारा आणि महिना १०,००० रुपयांच्या वर पगार असणारा माणूस 'कामगार' या व्याख्येबाहेर जात असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा १८,००० आहे, म्हणजे तुझ्यासारखीला फरक शून्य. कोर्ट पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय करतेस ते बघतं हे खरं, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. उद्या हब झाला आणि नारळ दिला तर ऑपरेटरला जे संरक्षण मागता येईल ते तुला मागता येईलच असं नाही. म्हणून नोटिशीची मुदत आत्ता वाढवून माग. एक महिना लिहिला असेल तर तीन माग, दोनवर तोड होईल.

दुसरं, रात्रीची गाडी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षित येण्याजाण्याची सोय लागते. पण त्याच कायद्यातून पर्यवेक्षकी पदांना सूट मिळते. तेव्हा "गाडी तर आहेच ना" यावर विसंबू नकोस, पत्रात लिहून घे. बदलापूर म्हणजे काही अंधेरीच्या मागच्या गल्लीत नाही.

आणि ते सीनियर. पद जाहीर व्हायच्या आधी त्यांच्याशी स्वतः जाऊन बोल. साहेबांच्या मेलवरून त्यांना कळता कामा नये. त्यांना ही ऑफर आधी आली होती का, तेही विचार. बऱ्याचदा आलेली असते आणि त्यांनी नाकारलेली असते, ओव्हरटाइमसाठीच.

मध्यमलहर:

काकूंचा शेवटचा मुद्दा लाखमोलाचा.

आरजे_होतो_कधीकाळी:

रेडिओचंही कुणीतरी विचारेल म्हणून लिहितो. खासगी एफएमला एवढ्या पायऱ्या नसतात. छोट्या शहरातल्या स्टेशनवर एक टेक्निकल माणूस ट्रान्समीटर, स्टुडिओ, जनरेटर आणि एसीसुद्धा बघतो, बाकी सॉफ्टवेअर वाजवतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांसाठी ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या ग्रुपवर नोकऱ्यांचे पेढे वाटून झाले होते. मंजुरी आणि स्टेशन चालू होणं यात बरंच अंतर असतं. तुमच्या अनुभवाचं माणूस टीव्हीतच बरं.

तिसरीपाळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

खडूस काकू, आज दुपारीच दोघांतल्या एका सीनियरांशी बोलले. तुमचं तंतोतंत खरं निघालं, त्यांना दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं होतं. म्हणाले, "तू घे, फक्त माझी दिवाळीची सुट्टी अडवू नकोस." दुसऱ्यांशी अजून बोलणं झालेलं नाही, ते रजेवर आहेत.

मध्यमलहर काका, तुमचा प्रश्न साहेबांना मेलवर विचारला, तोंडी नाही. कोणकोणते निर्णय शिफ्ट सुपरवायझर फोन न करता घेऊ शकेल याची यादी मागितली आहे. स्वतःच एक कच्चा मसुदा जोडला: चेंजओव्हर, फिलर, लाइव्ह लांबल्यास ब्रेक हलवणं, १२ मिनिटांच्या वर जात असेल तर आधी प्रोमो आणि मग स्पॉट काढणं. राष्ट्रीय दुखवट्याच्या वेळी काय करायचं हेही त्यात घालायचं आहे, तेव्हा नाचगाण्याच्या जाहिराती कोण थांबवतं ते आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. आकाशवाणीत ते कसं चालायचं?

मध्यमलहर:

दुखवट्याचा आदेश वरून यायचा, तो आकाशवाणीच्या एखाद्या केंद्राने ठरवायचा विषय नव्हता. पण आदेश येईपर्यंत बातमी सगळ्यांना कळलेली असायची. म्हणून ड्यूटी रूममध्ये सारंगी, शहनाईची ध्वनिमुद्रणं आधीच वेगळी काढून ठेवलेली असत. तुम्ही प्लेलिस्टमध्ये तसा एक तयार ब्लॉक करून ठेवा, आणि त्या ब्लॉकवर जायची परवानगी कोणाची, त्यांचं नाव आणि ते न सापडल्यास दुसऱ्याचं नाव, एवढं लिहून घ्या. जाहिराती मात्र सेल्सला न विचारता काढायचा अधिकार आधीच मागून ठेवा. तो वेळेवर मिळत नाही.

तिसरीपाळी:

मसुद्यात घातलं. साहेबांचं उत्तर आलं की इथेच लिहिते. गाडीचं एचआरने "बघू" म्हटलंय, तेवढं लेखी आल्याशिवाय हो म्हणणार नाही.