ब्लूई आणि बापाची फरफट

कुणीतरी लिहिलंय की 'ब्लूई' ही कुत्र्यांच्या कुटुंबावरची ऑस्ट्रेलियन कार्टून मालिका बघून मुलं आईबापांना नाचवायला शिकतात. खरंय थोडं. आमच्याकडेही फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही, हा त्यातला खेळ महिनाभर चालला. फुलदाणी गेली त्यात. पण तक्रार मुलांपेक्षा बापाबद्दल असावी! ब्लूईचा बाबा बँडिट मुलींशी इतका खेळतो की ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला अपराधी वाटतं.

मला ही मालिका आवडते ती ब्लूई आणि तिची बहीण बिंगो यांच्या भांडणांसाठी. थोरली सहा-सात वर्षांची, धाकटी चार-पाचची. खेळाचे नियम थोरलीच ठरवणार आणि धाकटी शेवटी रुसून बसणार. हे मालिकेतल्या ब्रिस्बेनमध्ये काय नि डोंबिवलीत काय, सारखंच. जो ब्रम यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेचे भाग बहुतेक सात-सात मिनिटांचेच आहेत, त्यामुळे 'एकच लाव' ही विनवणी मान्य करणं परवडतं (मग चार होतात, ते सोडा).

'क्रिकेट' नावाचा भाग पाहिला नसेल तर जरूर पाहा. ब्लूईचा मित्र रस्टी, त्याला सगळे बाबा मिळूनही आउट करू शकत नाहीत. शेवटी तो मुद्दाम धाकट्या बहिणीच्या हातात सोपा झेल देतो. गल्लीत बॅट न सोडणारा आमचा दादा आठवला. त्याने असला झेल जन्मात दिला नसता.