मदत हवी आहे: दुर्बिणीच्या गेममध्ये जोडाक्षरं तुटतायत

नमस्कार मंडळी. परभणीकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सातवीच्या पोरांसाठी जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीवर छोटा गेम करतोय, गोडो ३ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये. आरशाचे १८ षटकोनी तुकडे. आधी एकच तारा १८ ठिकाणी दिसतो (२०२२ मध्ये खरंच तसा दिसला होता), पोरांनी बोटाने तुकडे हलवून सगळे ठिपके एकावर एक आणायचे. एवढं झकास जमलंय. घोडं अडलंय ते मराठीवर: 'अवरक्त'मधला 'क्त' फुटतो, 'किरण'ची वेलांटी क च्या पुढं जाऊन बसते. गोडो ४ मध्ये हे सुटतं म्हणे, पण शाळेचे टॅब जुने, २ जीबी रॅमचे. ओढतील का? की मजकुराची सरळ चित्रंच करून टाकू? नेटचा भरवसा नाही, ऑफलाइनच चालायला हवं. कुणी केलंय का असलं काही?