मदत हवी आहे: रात्रपाळ्या सांभाळून सीएनईचे (नोकरीतल्या नर्सच्या सततच्या शिक्षणाचे) तास कसे भरता?

नमस्कार सिस्टर्स आणि ब्रदर्स. मी शहादा भागातल्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. महिन्यात दहा-बारा रात्रपाळ्या, आठवड्याला एकच सुट्टी, घरी पाच वर्षांची मुलगी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी, त्यासाठी सीएनई हवंच. पण मला फक्त प्रमाणपत्र नकोय. सातपुड्यातून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण येतात, क्रायसिसमध्ये (आजार अचानक उसळतो तेव्हा) वेदनेने तळमळतात. त्यांच्याजवळ उभं राहताना आपलं ज्ञान जुनं झालंय हे जाणवतं.

काय करून पाहिलं: रात्रपाळीहून आल्यावर मोबाईलवर व्याख्यानं लावली, दहाव्या मिनिटाला झोप. सुट्टीच्या दिवशी धुळ्याच्या कार्यशाळेला गेले, छान झाली, पण एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला आणि पुढचा आठवडा अंग मोडूनच काढला. ओव्हर देताना (पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या नर्सला देताना) वॉर्डात पंधरा मिनिटं एकाच विषयावर बोलायचं, हे सगळ्यात बरं चाललं. तीन आठवड्यांत दोघी सोडून गेल्या नि ते बंद पडलं.

सुट्टी वाढवून मिळणार नाही, पगारी रजाही नाही. नोकरी बदलायचा सल्ला कृपया नको, घर इथेच आहे.

खान्देशातल्या छोट्या रुग्णालयात कुणी मेट्रनशी बोलून ड्युटीच्या वेळातच शिकायचा तास मिळवलाय का? अर्जात काय लिहिलंत, आणि वॉर्डातल्या अशा तासाचे क्रेडिट कौन्सिलकडून मिळावेत म्हणून आधी कुणाची मान्यता घेतलीत?