चौथीचा प्रोजेक्ट: मिशनच्या मॉडेलमध्ये कुलूप दाखवायचं की नाही?

खाडीकाठची
लेक चौथीत आहे. कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास असतो, आणि त्यात स्पॅनिश मिशनं आलीच, म्हणजे मूळनिवाश्यांना ख्रिस्ती करायला स्पॅनिश पाद्र्यांनी उभारलेली चर्चची आवारं. पूर्वी साखरेच्या क्यूब नाहीतर थर्माकोल चिकटवून मिशन करून न्यायची प्रथाच होती. राज्याच्या २०१६ च्या अभ्यासक्रम-आराखड्यानं मॉडेलचा नाद सोडा असं सुचवलं. आमच्या वर्गात ते अजून 'ऐच्छिक' आहे. ऐच्छिक म्हणजे काय हे भारतीय आईबापांना सांगायला नको.

आम्ही फ्रीमाँटला राहतो, त्यामुळे मिशन सान होजे हाकेच्या अंतरावर. स्थापना १७९७, एकूण २१ मिशनांपैकी चौदावं. शनिवारी तिला घेऊन गेले. पांढऱ्या भिंती, सोनेरी वेदी, सगळं देखणं. मूळ चर्च १८६८ च्या भूकंपात पडलं, आताचं १९८५ चं आहे. तिथून जवळच वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर ओलोनी या इथल्या मूळनिवासी लोकांची दफनभूमी आहे. तिथल्या दगडावर लिहिलंय की हे मिशन बांधायला पाद्र्यांना मदत करणारे चार हजार ओलोनी इथे विसावले आहेत.

माझी गाडी त्या 'मदत' शब्दावर अडली ती अडलीच. एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे. पळून गेलेल्यांना धरून आणायला शिपाई जात आणि आणल्यावर फटके बसत. लग्न न झालेल्या मुली आणि विधवा रात्री एका खोलीत कुलूपबंद. त्या खोलीला 'मोनहेरियो' म्हणत. सात-आठ वर्षांच्या पोरीही त्यात असायच्या. माझी नऊची आहे. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज १७८६ मध्ये माँटेरेला उतरला होता. तिथलं मिशन पाहून त्याला कॅरिबियन बेटांवरचे गुलामांचे मळे आठवले.

माझं म्हणणं एवढंच: मॉडेल करायचंच तर ती खोली कुलपासकट हवी. नवरा म्हणतो, चौथीचा प्रोजेक्ट आहे, पीएचडी नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुनाट चष्मा
नवऱ्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

आकडे बघा. १७६९ मध्ये सान दिएगोला पहिलं मिशन झालं, तेव्हा आजच्या कॅलिफोर्नियात मूळनिवासी साधारण तीन लाख होते असा अंदाज आहे. १८४८ मध्ये अमेरिकेनं हा मुलूख घेतला तेव्हा दीड लाख. १८७० पर्यंत उरले तीस हजारांच्या आसपास! १८५० च्या कायद्यात 'संरक्षण' असा शब्द होता, पण त्याच्या आडून मूळनिवासी पोरं राजरोस राबवून घेतली गेली. १८५१ मध्ये राज्याचे पहिले गव्हर्नर बर्नेट यांनी विधिमंडळात सांगितलं की ही जमात नामशेष होईपर्यंत युद्ध चालू राहणार. पाद्र्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांना माणसं जिवंत हवी होती. कशासाठी का असेना, पण जिवंत.

हुनिपेरो सेरा, ही मिशनं सुरू करणारा पाद्री, तर शिपायांनी बायकांवर अत्याचार केले म्हणून लष्करी कमांडरशी भांडला आणि आजारी शरीर ओढत १७७३ मध्ये मेक्सिको सिटीला व्हाइसरॉयपर्यंत गेला. १७७५ मध्ये कुमेयाय या तिथल्या मूळनिवाश्यांनी सान दिएगो मिशन जाळलं, फादर हायमे यांना ठार केलं, तेव्हाही हल्लेखोरांना फाशी देऊ नका अशी विनंती त्यानंच केली. हे मॉडेलमध्ये कुठे बसवणार? स्पॅनिश माणूस क्रूर, ही गोष्ट इंग्रजी जगाला फार सोयीची आहे. आपल्या घरातलं झाकायला बरी पडते.

ताकभात
चष्मासाहेब, शेजाऱ्यानं खून केला म्हणून आपली मारहाण माफ होते का?

जुनाट चष्मा
माफ होत नाही. पण चौथीतल्या पोरांना फक्त मारहाणच शिकवली तर खुनी सुटतो, असं मी म्हणतोय.

रानवाट
दोघांच्याही बोलण्यात गुरं आली नाहीत, म्हणून लिहिते. 'लोक आपणहून मिशनमध्ये आले' असं नेहमी सांगितलं जातं, आणि बरेचसे खरोखर आपल्या पायांनीच आले. पण का आले? इथले लोक शेती करत नव्हते, त्यांचं पोट गवताच्या बिया, ओकची फळं, मासे आणि शिकार यांवर चालायचं. दरवर्षी ठरवून गवत पेटवायचे, म्हणजे पुढच्या साली बी भरघोस यायचं. मिशनची गुरं-मेंढरं हजारोंनी वाढली आणि त्यांनी ती कुरणं फस्त केली. १७९३ मध्ये गवत पेटवण्यावर सरकारी बंदी आली. मग रानात खायला काय उरलं? मिशनमध्ये कढईभर बार्लीची पेज तरी मिळायची. आपल्याकडे जंगल खात्यानं रान बंद केल्यावर माणसं मुकादमाच्या दारात जातात. त्यालाही कुणी 'आपणहून' म्हणू शकतं.

शिवाय एकाच आवारात दाटीवाटीनं ठेवल्यामुळे रोग पसरले. १८०६ च्या गोवरानं खाडीभोवतालच्या मिशनांमधली लहान मुलं पटापट नेली.

खाडीकाठची
@रानवाट, पेजेचं माहीत नव्हतं. धन्यवाद.
@चष्मा, तोच सेरा १७८० मध्ये गव्हर्नर नेव्हेला लिहितो की आध्यात्मिक बापांनी आपल्या लेकरांना, म्हणजे इंडियनांना, फटके देणं ही जुनीच रीत आहे. लेकरं म्हणजे कोण, तर चाळीस वर्षांचे बापे. तो शिपायांशी भांडला हे खरं, पण वाद होता तो या माणसांवर हुकूम कुणाचा, याचा. माणसांना कुणी विचारलं?

वसईचा वारा
मी वसईचा कॅथलिक. धागा वाचून दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं.

स्पॅनिश फ्रान्सिस्कन, म्हणजे ही मिशनं चालवणाऱ्या पंथाचे पाद्री, आम्हाला अगदी परके नाहीत. आमचे संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, मनिलाहून जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कनांबरोबर दुभाषे म्हणून होते आणि १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मारले गेले. लहानपणी त्यांच्या सणाला नवा शर्ट मिळायचा. त्यामुळे 'मिशनरी' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी चाबूक येत नाही, हे कबूल करतो.

पण सान होजेच्या गोष्टीत मला टोचतं ते वेगळंच. तिथल्या फादर दुरानांनी ओलोनी आणि योकुट (हेही मूळनिवासीच) लोकांचा वाद्यवृंद उभा केला होता, तीसेक वादकांचा. व्हायोलिन, बासरी, सगळं. लोक लांबून ऐकायला यायचे. त्याच मिशनातला एस्तानिस्लाओ नावाचा योकुट, पाद्र्यांच्या विश्वासातला, अल्काल्दे म्हणजे मुखिया झालेला, १८२८ मध्ये साथीदार घेऊन निघून गेला आणि परत यायचं नाकारलं. मेक्सिकन फौजेला (तोवर मुलूख स्पेनकडून मेक्सिकोकडे गेला होता) त्यानं पिटाळलं, शेवटी १८२९ मध्ये तोफा आणाव्या लागल्या. आणि हरल्यावर तो गेला कुणाकडे? फादर दुरानांकडेच. त्यांनी त्याला माफी मिळवून दिली. आज स्टॅनिस्लॉस नदी आणि काउंटी त्याच्या नावानं आहे. या माणसाला गुलाम म्हणू, बंडखोर म्हणू की ख्रिस्ती म्हणू? तो एका वेळी तिन्ही असेल.

सेराला २०१५ मध्ये संतपद दिलं तेव्हा पाठपुरावा करणाऱ्यांत सान फ्रान्सिस्कोच्या मिशन डोलोरेसचे ओलोनी वंशाचे क्युरेटर होते, आणि कडाडून विरोध करणाऱ्यांत अमाह मुत्सुन या ओलोनींच्याच एका जमातीचे अध्यक्ष. माणसं त्यांचीच, मतं दोन. सान हुआन बाउतिस्ता मिशनच्या फादर आर्रोयो दे ला कुएस्तांनी मुत्सुन भाषेचं व्याकरण आणि शब्दसंग्रह लिहून ठेवला. आज मुत्सुन लोक स्वतःची भाषा पुन्हा शिकताना तीच पानं चाळतात. ज्यांच्या आवारात ती भाषा गेली, त्यांच्याच वहीत ती राहिली.

ताई, कुलूप दाखवा. मला राग येणार नाही. फक्त त्या चार हजारांतले बरेचसे शेवटी मनापासून मिस्सा ऐकत असतील, त्यांचा तो विश्वास खोटा ठरवू नका.

ताकभात
@वसईचा वारा +१. पण २०२० मध्ये गोल्डन गेट पार्कातला सेराचा पुतळा पाडला ते बरोबर की चूक, हे सांगायचं तुम्ही टाळलंत.

वसईचा वारा
टाळलं खरं. पुतळा नसता तरी माझं काही अडलं नसतं. दोर लावून पाडताना बघवलं नाही.

जुनाट चष्मा
रानवाट यांचा गुरांचा मुद्दा मला मान्य. तिथे मी कच्चा होतो. पण १८३४ नंतर काय झालं तेही सांगा की! मेक्सिकोनं मिशनं पाद्र्यांकडून काढून घेतली, जमिनीचा वाटा मूळनिवाश्यांना मिळणार असं ठरलं होतं, आणि बहुतेक सगळी बड्या रांचोवाल्यांनी, म्हणजे गुरांच्या मोठ्या वाड्या असलेल्या जमीनदारांनी, गिळली. मिशनची गुरं, मिशनच्या जमिनी, सगळं. पाद्री गेले तरी ओलोनी मोकळे झाले नाहीत, दुसऱ्याच्या गुरांमागे राबले.

खाडीकाठची
मान्य. आता अपडेट. लेकीनं थर्माकोलचं चर्च केलं, बाजूला मोनहेरियो. त्याला प्रवासाच्या बॅगेचं छोटं कुलूप लावलंय, ते दारापेक्षा मोठं आहे, त्यामुळे पाहिल्यावर आधी कुलूपच दिसतं. वादकांसाठी काडेपेटीच्या काड्यांची तीन व्हायोलिनं. गुरं म्हणून माझ्या आईनं पाठवलेल्या पोळ्याच्या बैलजोडीतला एक बैल. प्रमाण पूर्ण चुकलंय.

जुनाट चष्मा
आणि १८४८ वाल्यांचा तंबू?

खाडीकाठची
बोर्ड अठरा इंची आहे, काका.

जुनाट चष्मा
मग मागच्या बाजूला लावा.